मेलेल्या माणसाचं पान

पश्चिम मांबळमच्या डासांबद्दल मद्रासेत जे जे सांगतात ते सगळं खरं आहे, उलट थोडं कमीच सांगतात. मच्छरदाणीच्या गाठी सोडवून आत शिरणारे डास आहेत ते. पण तेच डास चंद्रमौळीरावांच्या खिडकीशी आले की दोन गिरक्या घेत आणि मुकाट्यानं शेजारच्या घरात शिरत. गल्लीतले लोक म्हणत, "त्यांनीसुद्धा पिक्चर पाहिलाय."

पिक्चर सगळ्यांनीच पाहिला होता. चंद्रमौळीराव त्यातले खलनायक. भुवया अशा की मेकअपवाला नुसता हात जोडून बाजूला उभा राही. कथेत त्यांना घराण्याची मिळकत गिळायची असते आणि आड येतो एक म्हातारा ब्राह्मण, कारण खरा वारस कोण ते त्याला ठाऊक असतं. म्हणून वडिलांच्या श्राद्धाला त्याच म्हाताऱ्याला पाटावर बसवायचं, खिरीत विष कालवायचं, आणि तो शेवटचा घास गिळत असताना वाकून, गोड हसून, छातीतल्या आवाजात एकच शब्द विचारायचा: "तृप्ती?" म्हातारा गळा धरतो आणि केळीच्या पानावर पालथा पडतो.

त्या एका शब्दानं मद्रास उलटलं. न्हाव्यानं अर्धी दाढी केली, वस्तरा गळ्यापाशी आणला आणि विचारलं, "का केलंत तसं, सार?" उत्तर पटलं नाही म्हणून उरलेली अर्धी तशीच सोडून तो निघून गेला. दूधवाला गल्लीभर पाणी वाटे, पण यांच्या दारात निर्भेळ दूध ठेवून, कडी न वाजवता पळून जाई. इलेक्ट्रिक ट्रेनमध्ये ते ज्या बाकावर बसत तो बाक रिकामा होई, मग डबा, आणि एकदा तर म्हणे ड्रायव्हरही उतरला. समोरच्या घरातल्या विशालाक्षी मामींनी थिएटरात चप्पल फेकून मारली, ती पडदा फाडून पलीकडे गेली. मामी दुसरी चप्पल हातात घेऊन घरी आल्या आणि तेव्हापासून ती दाराच्या चौकटीवर टांगलेली होती. यांच्यासाठी.

खरे चंद्रमौळीराव निराळेच होते. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, लग्न न झालेले, केस पांढरे व्हायला लागलेले. खरा आवाज वेळूच्या शिट्टीसारखा बारीक. छातीतला तो दुसरा आवाज भीतीतून आलेला. पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा भयानं घसा आवळला आणि आतून तो आवाज निघाला. डायरेक्टर खूश झाला. तेव्हापासून भ्याले की आवाज आपोआप खाली उतरे. घरी बोलायला स्वयंपाकघरातली पाल होती. ती उत्तर देई, "चुक् चुक्." तेवढ्यावर आठवडे निघत.

वर्षातून एक दिवस मात्र घरात माणसं येत. आईच्या तिथीला.

आई तंजावरला होती तेव्हा तिला एकटीनं जेवणं ठाऊकच नव्हतं. पाहुण्यानं पोटावर हात ठेवून "नको" म्हटलं की तिला वाटे, लाजतोय बिचारा. पळी घेऊन ती माणसांच्या मागे रस्त्यापर्यंत जाई. जाताना लेकाला एवढंच म्हणाली होती, "चंद्रू, माझ्या तिथीला कुणीतरी समोर बसून पोटभर जेवलेलं मला दिसू दे. मला उपाशी वाटेला लावू नकोस रे."

त्या वर्षीची तिथी नेमकी पिक्चर जोरात असताना आली.

ठरलेल्या दोन ब्राह्मणांपैकी एकानं निरोप धाडला की पाय मुरगळला. दुसऱ्यानं कारणाची तसदीच घेतली नाही. उजाडल्यापासून कनकाअक्का ओल्या सोवळ्यात चुलीपुढे बसली होती. ही थोरली बहीण, दरवर्षी या स्वयंपाकासाठी तंजावरहून यायची. तिनं पिक्चर पाहिला नव्हता, पण रात्रभर गाडीत बायकांनी तिला तो सांगितला होता, अभिनयासकट.

पुरोहित मात्र आले. कृष्णस्वामी वाध्यार. आले ते दारातच उभे.

"पाटावर कोण?" वाध्यारांनी विचारलं.

"कुणीच नाही. वाध्यार, तुम्हीच बसा की."

"मी बसलो तर मंत्र कोण सांगेल?"

"इतक्या वर्षांत मला पाठ झालेत."

"मलाही माझी बायको पाठ आहे, चंद्रमौळी. ती काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय."

"तुम्ही मला मुंजीपासून ओळखता!"

"ओळखतो म्हणून तर मंत्र सांगायला आलो. खिरीची गोष्ट वेगळी." वाध्यारांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली. "इतकं काय मनाला लावून घेतोस? शास्त्रात सोय आहे. दर्भाची गाठ मारायची, पाटावर ठेवायची. तोच ब्राह्मण."

"आणि तो जेवणार?"

"जेवला असं समजायचं."

चंद्रमौळीरावांनी पाटाकडे पाहिलं. त्यावर गवताची गाठ. समोर पान वाढलेलं, आणि आई पळी घेऊन उभी. कुणाला वाढणार ती? कुणाच्या मागे धावणार?

"देवांच्या पाटावर दर्भ चालेल," ते म्हणाले. "देवांना सवय असते. आईच्या पाटावर माणूस हवा."

"मग आण शोधून. पण ती सावली पाहा." वाध्यारांनी परसातल्या माडाकडे बोट दाखवलं. "ती विहिरीच्या कठड्याला टेकायच्या आत जेवण उरकलेलं हवं. टेकली की वेळ गेली. मग पुढच्या वर्षी."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. कनकाअक्का बोलली असती तर बरं, असं चंद्रमौळीरावांना वाटलं.

ते देवळाच्या मंडपात गेले. श्राद्धाचं आमंत्रण येईल म्हणून तिथे नेहमी पाच-सहा जण पंचे पसरून बसलेले असत. हे दिसताच सगळे डोळे मिटून जपाला लागले. ज्यांच्याजवळ माळ नव्हती त्यांनी शेजाऱ्याची अर्धी माळ धरली. एक जण खणखणीत आवाजात म्हणाला, "आजपासून मला मौन आहे!" चंद्रमौळीरावांनी हात जोडले. मागायला तोंड उघडलं, तर भीतीनं आवाज छातीत उतरला. "जेवायला याल?" तो आवाज खांबाखांबांतून घुमला आणि मंडप रिकामा झाला. नुसते पंचे राहिले.

ऊन डोक्यावर आलं होतं. घामानं भुवया आणखी काळ्या झाल्या होत्या. कोडंबाक्कमच्या रेल्वे फाटकाशी येऊन ते थांबले, कारण फाटक बंद होतं. आणि तिथे, शिरीषाच्या झाडाखाली, लॉजबाहेरच्या बाकावर पद्मनाभराव बसलेले दिसले.

हे पद्मनाभराव म्हणजे तोच म्हातारा, पिक्चरमध्ये पानावर पालथा पडलेला. मरणं हाच त्यांचा धंदा. ते नदीत बुडाले होते, सापानं डसून गेले होते, आगगाडीखाली सापडले होते, मुलीच्या लग्नात अक्षता पडता पडता गेले होते. इतक्या वेळा मेलेला माणूस समोर दिसला की लोक घरी परतून पाणी पिऊन पुन्हा निघत. पोस्टमन त्यांची पत्रं "मालक वारले" असा शेरा मारून परत पाठवी. तेही तंजावरकडचेच, मराठी बोलणारे. पण खून करणारा आणि मरणारा यांना स्टुडिओबाहेर कुणी एकत्र पाहिलं तर पिक्चर पडेल, अशी निर्मात्याची ताकीद होती, म्हणून दोघांनी कधी एक कॉफीसुद्धा बरोबर घेतली नव्हती.

"बस," पद्मनाभराव म्हणाले. "मी उठलो असतो. पण मला उठताना पाहिलं की लोक पळतात."

चंद्रमौळीराव बसले नाहीत. सगळं एका दमात सांगून टाकलं. पाट, सावली, दर्भ, आई.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "म्हणजे मी तुझ्या घरी येऊन पाटावर बसायचं. तू खीर वाढायची."

"होय."

"हे मी केलंय. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तू मला मारत होतास. डायरेक्टरला माझं पडणं पसंत पडेना. आता तू बोलावतोस ते मरायला की जेवायला, ते आधी सांग."

"जेवायला, मामा! शपथ!"

"ती स्टुडिओतली खीर कशाची होती ठाऊक आहे? खळ होती. त्याच खळीनं नंतर पोस्टरं चिकटवली." पद्मनाभराव पुढे वाकले. "तुझ्याकडे खरी आहे?"

"अक्कानं केलीय. तंजावरची."

"वेलदोडा?"

"भरपूर."

"हं." म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "कुंभकोणच्या पाठशाळेत होतो मी. नाटक कंपनी गावात आली आणि भिंतीवरून उडी मारून तिच्यामागे पळालो. पण वेदाची संहिता अजून येते. आणि पाटावर बसणाऱ्याला आदल्या रात्री उपास लागतो ना? तो रोजचाच आहे. रात्री मला जेवायला बोलावतो कोण?"

फाटक उघडलं. दोघं सायकलरिक्षात बसले. रिक्षावाल्यानं वळून मागे पाहिलं, एक चेहरा पाहिला, मग दुसरा पाहिला, आणि जो सुटला तो शेजारून जाणारी इलेक्ट्रिक ट्रेन मागे पडली असं पाहणारे अजून सांगतात. पण त्याच्याही पुढे बातमी धावत होती. "त्याला घेऊन चाललाय! पुन्हा! त्याच म्हाताऱ्याला!" भाजीवाल्यांनी टोपल्या सोडल्या, इस्त्रीवाल्यानं कुणाच्यातरी धोतरावर इस्त्री तशीच ठेवली. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा मागे अर्धं मांबळम होतं.

चंद्रमौळीरावांनी विहिरीवर पुन्हा डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. सावली कठड्यापासून हातभर लांब होती.

दारात म्हाताऱ्याचे पाय धुवायचे असतात. ते वाकले, तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं. मागून गर्दीतून आवाज आला, "बघा, बघा, पिक्चरमध्येही आधी पायच धुतले होते!" चंद्रमौळीरावांनी घाईघाईनं दुसरा पाय धुतला. म्हाताऱ्याचे पाय मात्र शांत होते, भेगाळलेले आणि गार.

खिडक्या माणसांनी भरून गेल्या. आत अंधारून आलं. जागा न मिळालेले दोघं माडावर चढले, त्यामुळे सावली आणखी जाड झाली. उंबऱ्यावर कंबरेवर हात ठेवून विशालाक्षी मामी उभ्या. चौकटीवरची चप्पल त्यांनी येताना काढून आणली होती आणि पदराखाली धरली होती.

"पद्मनाभय्या, उठा!" मामी ओरडल्या. "एकदा मेलात ते पुरे झालं नाही?"

"एकदा?" पद्मनाभराव पाटावर बसत म्हणाले. "मामी, तुम्ही पिक्चर फार कमी बघता."

"हसू नका! याच्या डोळ्यांत बघा! चांगल्या माणसाच्या भुवया अशा असतात?"

"मामी, श्राद्ध चाललंय," वाध्यार म्हणाले.

"कुणाचं, तेच विचारतेय!"

देवांच्या पाटावर दर्भाची गाठ बसली. आईच्या पाटावर पद्मनाभराव. कनकाअक्कानं पान वाढायला घेतलं. वडे, कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, तिळाचे लाडू. खिरीचं पातेलं तिनं बाहेर आणलं तेव्हा चंद्रमौळीराव सवयीनं पुढे सरकले, वाटी धरायला.

"तू राहू दे," अक्का म्हणाली. "तू हात लावू नकोस."

सोवळं म्हणून म्हणाली असेल. ते आत्ताच गर्दीतून आले होते. पण स्नान करून आले होते हेही तिला ठाऊक होतं. तिनं मान वर केली नाही. गाडीतल्या बायकांनी पिक्चर चांगलाच सांगितला असला पाहिजे. चंद्रमौळीराव मागे सरले आणि आपले हात मांडीखाली दाबून बसले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि कधी काय करतील सांगता येत नव्हतं.

मग वाध्यारांच्या सांगण्यावरून त्यांनी म्हाताऱ्याचा अंगठा धरून पानावरच्या अन्नाला टेकवला. ही रीतच आहे. पण खिडकीतून एकदम मोठा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. पिक्चरमध्ये इथेच ढोल वाजायला लागतात.

पद्मनाभराव जेवायला लागले.

ते मान खाली घालून, एकेक पदार्थ चवीनं, कुणी पानावरून उठवील अशी भीती असलेल्या माणसासारखे जेवले. वडा मोडला. कारलं संपवलं. पाटावर बसलेल्यानं जेवताना बोलायचं नसतं. बाहेरही कुणी बोलत नव्हतं. माडावरचा एक जण घसरला तोही आवाज न करता. मग म्हाताऱ्यानं खिरीची वाटी उचलून ओठाला लावली आणि शेवटच्या घोटापर्यंत खाली ठेवली नाही.

वाटी खाली आली.

"आता विचार," वाध्यार हळूच म्हणाले.

चंद्रमौळीरावांना ठाऊक होतं काय विचारायचं ते. दरवर्षी विचारत होते. पाटावरच्या माणसाला यजमानानं विचारायचं, तो "झाली" म्हणतो, आणि मगच आई तिकडे वर हात धुऊन सुखानं वाटेला लागते. शब्द एकच. पिक्चर लिहिणाऱ्यानं तो कुठल्यातरी घरच्या श्राद्धातूनच उचलला होता. आणि आता अर्धं मांबळम तोच ऐकायला खिडकीत लटकलं होतं.

त्यांनी खाकरून पाहिलं. आपला बारीक आवाज, वेळूच्या शिट्टीसारखा, फक्त या एका शब्दापुरता तरी वर यावा म्हणून त्यांनी आईचं नाव घेतलं.

"विचार, चंद्रमौळी! सावली!"

ते वाकले. वाकावंच लागतं, म्हातारा पाटावर खाली बसलेला. आणि छातीतून, खोल विहिरीतून यावा तसा, गोड आणि भयंकर आवाज निघाला.

"तृप्ती?"

खिडकीतल्या बायका किंचाळल्या. पद्मनाभरावांचा हात गळ्याकडे गेला.

चंद्रमौळीरावांनी ते डोळे ओळखले. अख्ख्या मद्रासेत ते डोळे त्यांच्याइतके जवळून कुणी पाहिले नव्हते. म्हाताऱ्याच्या अंगाला शब्द ऐकू आला होता, आणि ते अंग आता आपलं काम करायला निघालं होतं. शिवाय खिडक्या. इतकी माणसं, श्वास रोखून, फक्त त्याच्यासाठी. थिएटरात लोक नायकासाठी येतात, म्हातारा मेला की शेंगा सोलायला लागतात. आज ते मरणाची वाट पाहत होते. कुठला नट सोडेल? एक झटका, एक घरघर, पानावर पालथं पडणं, आणि मग हे दार मोडेल, चंद्रमौळीराव मोडतील. पण ते राहू दे. आई पळी हातात घेऊन तशीच उभी राहील, आणि तिला पुढच्या वर्षीपर्यंत कुणी काही सांगणार नाही.

"मामा," ते म्हणाले. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. "मामा, नको."

म्हाताऱ्याचा दुसरा हातही गळ्याशी गेला. मान मागे पडली.

"पाणी!" विशालाक्षी मामी उंबरा ओलांडून आत घुसल्या. सोवळं, ओवळं, श्राद्ध, सगळं तुडवत. चप्पल कुठे पडली त्यांना कळलं नाही. पाय धुण्याचा तांब्या उचलला, तो रिकामा. दुसरा उचलला. "बाजूला हो, पाप्या! पद्मनाभय्या, प्या! थुंका ते! थुंका!"

पद्मनाभरावांनी डोळे उघडले. मामींकडे पाहिलं. खिडकीतल्या तोंडांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणालाही न वगळता. मग गळ्यावरचे हात सावकाश खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

"नाही," पद्मनाभराव म्हणाले.

वाध्यार गडबडले. "काय नाही?"

"तृप्ती झाली नाही. यानं विचारलं, मी सांगितलं."

"अहो, असं म्हणायचं नसतं! इथे 'झाली' म्हणायचं असतं! 'नाही' म्हटलं तर पुढे काय करायचं त्याला मंत्रच नाही!"

"मंत्र नसेल, खीर आहे ना?" म्हाताऱ्यानं वाटी पुढे सरकवली. "वाढ म्हणावं."

कनकाअक्का पातेल्याकडे वळली. मग थांबली. पळी तिनं भावाच्या हातात दिली.

"तूच वाढ रे," ती म्हणाली. "आईची पळी आहे."

चंद्रमौळीरावांनी खीर वाढली. अर्धी पानावर सांडली. म्हाताऱ्यानं ती बोटानं निपटून खाल्ली, मग वाटी संपवली, मग पुन्हा पुढे केली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "अजून जिवंत आहे." दुसरा म्हणाला, "हळू चढणारं असेल." तिसऱ्यानं त्याला गप्प केलं. सावली कठड्यापासून बोटभर राहिली होती. वाध्यार एकदा सावलीकडे, एकदा वाटीकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं नाकापर्यंत आलं होतं.

"मामा," चंद्रमौळीराव म्हणाले, "आता?"

"नीट विचार."

"तृप्ती?"

बारीक निघाला. इतका बारीक की खिडकीतल्या मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाला, कोण बोललं? वेळूची शिट्टी मांबळमनं पहिल्यांदाच ऐकली.

पद्मनाभरावांनी आधी वाटी पानावर उपडी ठेवली, मग ढेकर दिली. ती ढेकर फाटकापर्यंत ऐकू गेली असं म्हणतात, आणि गेली नसेल तर मांबळमला दोष देऊ नये, तिला जायचं होतं.

"झाली," ते म्हणाले.

सावली कठड्याला टेकली. वाध्यार मट्कन खाली बसले.

एक प्रश्न राहिला होता. तो शेवटी यजमान विचारतो: पानं झाली, उरलेल्या अन्नाचं काय करू? त्यावर पाटावरच्यानं म्हणायचं असतं, आपल्या माणसांबरोबर बसून जेव. दरवर्षी ते ऐकून चंद्रमौळीराव आणि अक्का समोरासमोर बसत आणि पाल चुकचुके. श्राद्धाचं उरलेलं परक्यानं खायचं नसतं. ते घरच्यांचं.

चंद्रमौळीरावांनी विचारलं. पद्मनाभरावांनी उत्तर दिलं, अगदी पाठशाळेतल्या स्वरात, आणि मग उपरणं झटकून मराठीत पुटपुटले, "आता ती माणसं कुठून आणतोस ते तुझं तू बघ. मी दोनदा जेवू शकत नाही." पाटावरचा माणूस उठला की मागे न बघता जायचं असतं. ते निघाले. गर्दीनं वाट दिली. कुणी मागे हटलं नाही. एका म्हातारीनं तर त्यांच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

गळा का धरला होतात, असं त्यांना पुढे पुष्कळांनी विचारलं. कधी ते म्हणत, सवय. कधी म्हणत, वेलदोड्याचं साल अडकलं होतं. विचारणारा कॉफी पाजत असेल तर म्हणत, "मरणारच होतो. पण कुणीतरी पाणी घेऊन धावत आलं. इतक्या पिक्चरमध्ये मेलो, पाणी घेऊन कुणी आलं नव्हतं."

विशालाक्षी मामी मात्र तांब्या हातात घेऊन घराच्या मधोमध उभ्याच होत्या. बाहेर जावं तर गर्दी बघतेय. आत थांबावं तर कुठल्या नात्यानं? त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. कनकाअक्कानं पळीभर खीर त्यांच्या तळहातावर घातली.

मामींनी ती चाटली. डोळे मिटून चव घोळवली.

"वेलदोडा जास्त पडलाय," त्या म्हणाल्या.

"आमच्या आईची रीत," अक्का म्हणाली.

"असेल. जास्तच आहे." मामी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि स्वतःच एक पान ओढून पुढे घेतलं. मग चंद्रमौळीरावांकडे पाहिलं. भुवयांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "पण त्या पिक्चरमध्ये तू केलंस ते वाईटच केलंस हं."

चंद्रमौळीराव पळी हातात घेऊन त्यांच्या पानापुढे वाकले होते.

"होय मामी," ते बारीक आवाजात म्हणाले. "चुकलं माझं. अजून थोडी?"